तिसरं सभागृह

घंटा वाजवायची कोणी, यावरूनच पहिली दहा मिनिटं गेली.

घंटा पितळेची, मुठीत मावेल एवढी. मिशन शाळेच्या हेडमास्तरांच्या टेबलावर सव्वीस वर्षं राहिलेली, आणि पद्माकर भालेराव निवृत्त झाले तेव्हा त्यांच्याबरोबरच घरी आलेली. नाशिकला घरची कौन्सिल भरली की ती तेच वाजवत. आता ते नव्हते. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि चौथ्या दिवशी गेले. घंटा मात्र त्यांच्या पत्नी यमुनाबाईंच्या बॅगेतून, लोणच्याच्या दोन बरण्यांच्या मध्ये टॉवेलात गुंडाळून, जर्मनीत एर्लांगेनला आली होती.

"मीच वाजवली असती," त्यांचा मुलगा सुधीर म्हणाला, "पण ठराव माझा आहे. ठराव मांडणाऱ्याने अध्यक्ष व्हायचं नाही. पप्पांचा नियम."

"मग ताई वाजवतील," त्याची बायको मैथिली म्हणाली.

"अगं, मी अजून कोटसुद्धा काढला नाहीये!" विभावरी दारातच उभी होती. सुधीरची मोठी बहीण. येनाहून निघालेली, गाडी चाळीस मिनिटं उशिरा, त्यात बाम्बर्गला बदलायची ती सुटलेली. तिच्यासाठी ताट झाकून ठेवलं होतं. "आधी मला दोन घास खाऊ द्या, मग काय ती अध्यक्ष करा."

शेवटी एका हातात मटणाच्या रश्श्याची वाटी धरून तिने दुसऱ्या हाताने घंटा वाजवली, आणि घरची कौन्सिल भरली.

बाहेरच्या माणसाला याचं हसू येईल. येऊ दे. भालेरावांच्या चार पिढ्या या कौन्सिलवर पोसल्या आहेत. पद्माकररावांचे वडील नाशिक धर्मप्रांताच्या कौन्सिलवर सभासद होते, आणि चर्चची घटना त्यांना तोंडपाठ होती. एकोणीसशे तीस सालापर्यंत आपल्या अँग्लिकन चर्चची सूत्रं लंडनच्या हातात असायची. बिशप कोण, कुठे, कधी, सगळं तिकडे ठरायचं. तीस साली चर्च सुटं झालं आणि स्वतःच्या कायद्याने चालू लागलं. त्या कायद्यात तीन सभागृहं होती: एक बिशपांचं, एक पाळकांचं आणि एक साध्यासुध्या सभासदांचं. मोठ्या ठरावाला तिघांनीही वेगवेगळी संमती द्यायची. एकाने जरी अडवलं तरी ठराव पडला. बिशप झाला म्हणून त्याला एकट्याला काही रेटता येत नाही, ही गोष्ट म्हाताऱ्याला इतकी आवडली की त्याने ती सरळ घरात आणली. घरातली वडील माणसं म्हणजे बिशप. घर चालवणारे ते पाळक. पोरंटोरं सामान्य सभासद. म्हैस विकण्यापासून पद्माकरच्या लग्नापर्यंत सगळं तिथे मंजूर झालं, आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत लिहिलं गेलं.

नियम थोडेच होते, पण पक्के. होकार द्यायचा तो उभं राहून. वही मराठीत, म्हणून बोलायचंही मराठीतच. आणि जो जिंकेल त्याने हरलेल्याला स्वतः चहा करून द्यायचा.

तिसऱ्या सभागृहाने, म्हणजे पोरांनी, आजवर एकही ठराव पाडला नव्हता. पोरं उभी राहायची आणि मोकळी व्हायची.

"उपस्थिती," विभावरी म्हणाली. "बिशपांचं सभागृह?"

"मी," यमुनाबाई म्हणाल्या. एकोणऐंशी वर्षांच्या, पाठ ताठ, अंगावर मैथिलीचा करडा कार्डिगन.

"आई, एकाच माणसाचं सभागृह चालतं का गं? कोरमचं काय?"

"बिशप एकच उरला म्हणून काही सभागृहाला कुलूप लावत नाहीत," यमुनाबाई म्हणाल्या. "पुढे वाच."

मधल्या सभागृहात सुधीर, विभावरी आणि मैथिली. वही मैथिलीपुढे होती, तिचं अक्षर चांगलं म्हणून. पुण्याच्या ब्राह्मण घरातली ही मुलगी लग्न होऊन आली तेव्हा तिला कुठे बसवायचं असा प्रश्न निघाला होता. त्या दिवसाची नोंद पद्माकररावांच्या हातची होती: 'चि. सौ. मैथिली हिला मधल्या सभागृहात जागा देण्यात येत आहे. बाप्तिस्म्याची अट घरच्या कौन्सिलला लागू नाही.' त्या पानाचा फोटो मैथिलीने कधीतरी मोबाइलवर काढून ठेवला होता. कुणाला सांगितलं नव्हतं.

आणि तिसऱ्या सभागृहात सोफ्यावर सुधीर-मैथिलीच्या दोघी मुली: सोळा वर्षांची उर्जा, अकरा वर्षांची निधी. मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये. त्यामुळे कौन्सिलीत दोघींची तोंडं आपोआप बंद असत.

"ठराव वाच, सुधीर."

सुधीर उठला. हॉस्पिटलांसाठी मशिनं बनवणाऱ्या कंपनीत पंधरा वर्षं काढलेला इंजिनिअर, पन्नाशीचा गृहस्थ, पण या वहीपुढे उभं राहिलं की त्याचा आवाज शाळेतल्यासारखा व्हायचा.

"ठराव असा, की आईने आता कायम इथेच राहावं. नऊ दिवसांनी तिचा व्हिसा संपतोय. वकिलाने सांगितलंय की आईवडिलांना इथे ठेवून घ्यायचा एकच रस्ता आहे, हार्टफाल, म्हणजे अगदी अपवादात्मक अडचणीची केस. त्यासाठी एक निवेदन जोडायचं. ते मी तयार केलंय. त्यावर आईने सही करावी."

"निवेदन वाच," यमुनाबाई म्हणाल्या.

"आल्झो... म्हणजे, त्यात विशेष काही नाही, आई. नुसता फॉर्म—"

"वाच तू."

सुधीरने घसा खाकरला. जर्मन कागदावरून तो तोंडी मराठी करत गेला. "श्रीमती यमुना भालेराव यांना स्वतःचे बूट घालता-काढता येत नाहीत. शेगडी वापरता येत नाही, चहासुद्धा करून द्यावा लागतो. औषधं कोणती आणि कधी, ते लक्षात राहत नाही. घराबाहेर एकट्या जाऊ शकत नाहीत. सबब..." तो थांबला. "सबब, त्या स्वतःचं आयुष्य स्वतः चालवण्यास असमर्थ आहेत."

विभावरीने वाटी खाली ठेवली.

"खोटं काही नाहीये," सुधीर घाईने म्हणाला. "अकरा आठवडे मी बघतोय ना. बूट मी बांधतो रोज. गोळ्यांची डबी मी भरतो. वकील म्हणतो, अर्धवट लिहून उपयोग नाही, पूर्ण अवलंबून आहे असंच दिसलं पाहिजे. आई, तुला कमी लेखायचं नाहीये गं मला. पण तू परत त्या घरात एकटी... आता नाशिकचा नंबर दिसला की मीटिंगमधून उठून बाहेर जातो मी. पप्पांच्या वेळी उठलो नव्हतो. म्यूट करून ठेवला होता. दोन तास."

हे तो पहिल्यांदाच सगळ्यांसमोर बोलला.

"माझं अनुमोदन," विभावरी एकदम म्हणाली.

सुधीर तिच्याकडे बघतच राहिला. त्याला वाटलं होतं, ताई भांडेल. ताई त्याच्या प्रत्येक गोष्टीशी भांडते.

पण विभावरीच्या मनात काय होतं ते विभावरीलाच माहीत. ऑगस्टमधल्या त्या आठवड्यात ती येनाच्या प्रयोगशाळेत एका भिंगाच्या मापावर अडून बसली होती. शुक्रवारी संपवते नि निघते, असं तिने आईला सांगितलं. वडील गुरुवारी गेले. ते भिंग अजून तिच्या टेबलावर आहे, आणि माप बरोबर आलंय. "आई इथे असली की मला दर पंधरा दिवसांनी येता येईल," ती म्हणाली. "सही कर, आई. कागद आहे नुसता. सरकारी कागदावर माणूस थोडाच असतो?"

"चर्चा," यमुनाबाई म्हणाल्या. "मैथिली, तू बोल."

मैथिलीने पेन खाली ठेवलं. तिला हीच भीती होती. गेल्या महिन्यात एका गुरुवारी ती ऑफिसातून लवकर आली होती. घरात कोणी नव्हतं, आणि इंडक्शनच्या शेगडीवरचा लाल दिवा, अजून गरम आहे सांगणारा, चालू होता. ओट्यावर चहाचं पातेलं घासून पालथं घातलेलं, खाली फडकं अंथरून. या घरात पातेली मशिनमध्ये जातात. फडकं अंथरून पालथी घालायची पद्धत एकाच बाईची. मैथिलीने ते पातेलं उचलून कपाटात ठेवलं आणि गप्प बसली. पुढच्या गुरुवारी तिने नेहमीपेक्षा दूध जास्त आणून ठेवलं.

"मी काय बोलू, आई? नको म्हटलं तर सुनेला सासू नकोय असं होतं."

"आणि हो म्हटलं तर?"

मैथिली वहीकडे बघत राहिली. "हो म्हटलं तर ह्या कागदावर सही करणारी बाई कोण, ते मला माहीत नाही. माझ्या ओळखीची नाहीये ती."

"अगं, मग काय नऊ दिवसांनी विमानात बसवून देऊ तिला?" सुधीरचा आवाज चढला. "तू तरी—"

विभावरीने घंटा वाजवली. "अहो पाळक, खाली बसा."

निधी खुदकन हसली. सुधीर बसला.

"मी दोन मिनिटं घेते," यमुनाबाई म्हणाल्या. "पोरींना ही गोष्ट माहीत नसेल. सत्तर साली आपलं चर्च संपलं."

"संपलं?" निधी दचकली. "काप्युट?"

"मराठी," विभावरी म्हणाली.

"मोडलं नाही गं. विलीन झालं. सहा वेगवेगळी चर्चं एकत्र आली आणि एकच चर्च झालं. अमेरिकन मेथडिस्टही येणार होते, त्यांनी ऐन वेळी माघार घेतली. नागपूरला सोहळा होता, नोव्हेंबरात. माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. पण आमचे मामंजी, म्हणजे तुमचे पणजोबा, त्यांचा या सगळ्याला कडाडून विरोध. नाशिकच्या कौन्सिलीत विरोधात मत देऊन आले होते. का माहितेय? सगळ्या पाळकांच्या डोक्यावर नव्याने हात ठेवायचं ठरलं होतं, पाळकाची दीक्षा देताना ठेवतात तसे. मामंजी म्हणायचे, आधी आमच्या बिशपांनी हात ठेवले होते ते काय खोटे होते? आमच्या पाळकांनी आता कबूल करायचं का, की इतकी वर्षं आम्ही अर्धेच पाळक होतो?"

"मग?" उर्जाने विचारलं. मराठीत.

"मग काय. ठराव मंजूर झाला, मामंजी हरले. जेवले नाहीत दोन दिवस. तरी नागपूरला गेले, हट्टाने, बघायला. मलाही नेलं. मांडवात बसलो होतो मागे. आणि बघतो तर काय, आमचे बिशप स्वतः गुडघे टेकून खाली. त्यांच्या डोक्यावर दुसऱ्या चर्चच्या साध्या पाळकांचे हात. मग ते उठले आणि ते दुसरे खाली वाकले, आणि आमच्या बिशपांनी हात ठेवला. तुझ्यात काय कमी आहे असं कोणी कोणाला विचारलं नाही. कोणाकडे काय कमी आहे ते देवाला माहीत, त्याने ते भरून काढावं, एवढीच प्रार्थना. कोणी कागदावर लिहून दिलं नाही, की मी असमर्थ होतो. मामंजी मांडवातच रडायला लागले. घरी आल्यावर त्यांनी तो चहाचा नियम केला."



"म्हणजे तुझा विरोध आहे, आई," सुधीर हळू म्हणाला. "तू उभी नाही राहिलीस की संपलं. एकटीचंच सभागृह आहे तुझं."

यमुनाबाईंनी लेकाकडे पाहिलं. कानाजवळ पांढरा झालेला, डोळ्यांखाली काळा. बापाच्या मातीला पोचला नाही, तेव्हापासून हा धड झोपत नाही, हे त्यांना भिंतीपलीकडून कळायचं.

बुटांची गंमत त्याला कशी सांगणार? आल्या त्या दिवशी विमानात बसून पाठ आखडली होती, म्हणून तो खाली बसला आणि त्याने नाड्या बांधल्या. बांधता बांधता खाली बघून म्हणाला, "पप्पांचे बूट कुणाला दिलेस गं?" घरात आल्यापासून बापाविषयी काढलेला पहिला शब्द. दुसऱ्या दिवशी पाठ बरी होती, तरी त्यांनी पाय पुढे केला. तो परत बोलला. तेव्हापासून रोजची ती दोन मिनिटं. समोरासमोर बसला की हा ऑफिसचं बोलतो, हवेचं बोलतो. खाली वाकून नाड्या बांधायला लागला की बापाचं बोलतो. कुठली आई असा पाय मागे घेईल?

आणि आज तेच कागदावर आलं होतं, पहिल्या क्रमांकावर. चूक कोणाची म्हणायची?

नाशिकच्या घराची त्यांना ओढ होती. चर्चची घंटा ऐकू येणारा ओटा, समोरची कन्हेर, शेजारच्या कौमुदीबाईंची सकाळची हाक. पण ओढ आपल्याला आहे आणि घोर याला आहे. आपण हट्ट धरला तर हा रोज फोन हातात धरून मरेल. करून टाकू सही. कागदच आहे.

"मतदान," विभावरी म्हणाली. "बिशपांचं सभागृह."

टेबलावर दोन्ही हात टेकून यमुनाबाई उभ्या राहिल्या.

"आई!" मैथिलीच्या तोंडून निघून गेलं.

सुधीरला आधी कळेचना. मग त्याचा चेहराच बदलला. त्याने नाक पुसलं आणि तोही उभा राहिला. विभावरी उभी राहिली. मैथिली बसूनच राहिली, दोन्ही हात वहीवर ठेवून, आणि तिने सासूकडे असं पाहिलं की यमुनाबाईंनी नजर खिडकीकडे वळवली.

"दोन विरुद्ध एक. मंजूर. तिसरं सभागृह?" विभावरीने घंटेकडे हात नेलासुद्धा.

निधी सवयीने अर्धी उठली. उर्जाने तिची बाही धरून तिला खाली ओढलं.

"उर्जा?" सुधीर म्हणाला. "उभी राहा ना बाळा."

"नाइन," उर्जाने जर्मनमध्ये नकार दिला.

"काय नाइन?"

"बाबा, दास श्टिम्ट आइनफाख निश्त! दास इस्ट—"

घंटा वाजली. "मराठीत, उर्जा. नाहीतर वहीत येणार नाही."

उर्जाचे कान लाल झाले. भांडायचं असेल तर ती जर्मनमध्ये कुणालाही ऐकत नसे, शाळेत वादविवादाच्या गटात होती. मराठीत तिच्याकडे शब्द होते ते जेवणाचे, झोपायचे, आजीने लहानपणी फोनवर शिकवलेले. आजोबा म्हणायचे, तिसऱ्या सभागृहाला तोंड आहे की नाही? ती उभी राहिली, मग आठवलं की उभं राहणं म्हणजे होकार, म्हणून पटकन खाली बसली.

"हे खरं नाहीये," ती म्हणाली. "तो कागद. आजी सगळं करते. मी बघितलं आहे. आजीला... आजीला येतं."

"मी खोटं लिहिलं का मग?"

"नाही. तुला माहीत नव्हतं." ती शब्द शोधत थांबली. "तू घरी असतो तेव्हा आजी... पाहुणी असते. तू नसतो तेव्हा आजी असते."

सुधीरने यमुनाबाईंकडे पाहिलं. यमुनाबाई कार्डिगनचं बटण बघत होत्या.

"आजी गुरुवारी बसने जाते," निधीने सांगून टाकलं. एकदा तोंड उघडल्यावर तिला थांबवणं शक्य नव्हतं. "एकटी! मी श्टॉप शिकवले. हुगेनॉटेनप्लाट्झला उतरते, मग चालत चर्चमध्ये जाते. तिथे सगळ्या ओमा, म्हणजे आज्या, केक खातात. आणि आजी चहा करते आमच्यासाठी, शाळेतून आल्यावर. शेगडीचं लॉक पण काढता येतं तिला. आणि तू गोळ्या भरतो ना, बाबा, त्या दिवशी तू चुकवल्या होत्या. आजीने परत बरोबर ठेवल्या."

"गेनाऊ," उर्जा म्हणाली, आणि घंटेआधीच, "म्हणजे, बरोबर."

"आई?" विभावरीला हसू आवरत नव्हतं. "त्या ओमांशी तू बोलतेस कुठल्या भाषेत?"

"त्यांना इंग्रजी येत नाही, मला जर्मन येत नाही," यमुनाबाई म्हणाल्या. "म्हणून भांडण होत नाही. बऱ्या आहेत बाया. एका गुरुवारी उपासनेत प्रभुभोजन होतं, मला पण बोलावलं पुढे. कुठल्या चर्चची म्हणून विचारलंसुद्धा नाही."

"आणि मला सांगितलं नाहीस?" सुधीर दुखावला होता. "मी रोज ऑफिसातून लवकर निघून तुला फिरायला नेत होतो, आई!"

"म्हणूनच नाही सांगितलं रे. तुला किती बरं वाटायचं नेताना."

मैथिली तोंडावर हात ठेवून हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. मग सुधीरही हसला, पण त्याचं हसणं फार टिकलं नाही. "हे सगळं ठीक आहे गं. पण ती तिथे पडली तर? उठून जायला मला दीड दिवस लागतो. मग मी काय करू ते सांगा."

त्याचं म्हणणं खरं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं.

"मला दुरुस्ती मांडायची आहे," उर्जा म्हणाली. 'दुरुस्ती' हा शब्द तिने वहीतून उचलला असणार. "आजी आता घरी जाते. मग तीन महिन्यांनी परत येते. नव्वद दिवस इकडे, नव्वद दिवस तिकडे. कागदावर तसलं काही लिहायचं नाही. आणि ऑगस्टमध्ये मी जाते. शाळेला सहा आठवडे सुट्टी आहे. एकटी जाते."

"एकटी? अगं, तू कधी—"

"ऑगस्टमध्ये आजोबांना एक वर्ष होतं ना, बाबा," उर्जा म्हणाली. "तेव्हा आपल्यातलं कोणीतरी तिथे पाहिजे."

सुधीर खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली कोणीतरी सायकल कुलूपबंद करत होतं, ते तो फार लक्ष देऊन बघत राहिला.

"अनुमोदन," मैथिली म्हणाली, आणि लिहायला लागली.

मतं झाली. तिसरं सभागृह या वेळी आधी उभं राहिलं, दोघीही, निधी तर सोफ्यावर. यमुनाबाई उभ्या राहिल्या, टेबलाला हात न लावता. मैथिलीही उभी राहिली. विभावरीने भावाच्या पाठीकडे पाहिलं, डोळे पुसले आणि उभी राहिली. "माफ कर, सुध्या. मघाशी मी माझ्यासाठीच उभी होते," ती म्हणाली.

सुधीर वळला, पण उभा असूनही मुद्दाम खुर्चीत बसला. "माझा विरोध नोंदवा," तो म्हणाला. "आणि न्हाणीघरात दांडे बसवायचे, आई. दोन्ही भिंतींना. त्यावर मतदान नाही."

"बसव."

"आणि रोज सकाळी फोन."

"रोज सकाळी. पण तू उचलायचास," यमुनाबाई म्हणाल्या.

मैथिलीने नोंद पूर्ण केली. 'मूळ ठराव तिसऱ्या सभागृहात नामंजूर. दुरुस्ती तिन्ही सभागृहांत मंजूर. विरोध: श्री. सुधीर.' मग तिने ते निवेदन उचललं, दोनदा घडी घातली आणि वहीच्या शेवटच्या पानात ठेवलं. फाडलं नाही. या घरात पडलेले ठरावही जपून ठेवतात.

"चहा!" निधी ओरडली. "आम्ही जिंकलो, आम्ही करणार!"

"थांब," यमुनाबाई म्हणाल्या. "ह्याचा चहा मी करते."

त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि सगळे मागोमाग दारात जाऊन उभे राहिले. त्यांनी शेगडीच्या काचेवर कुलपाच्या चित्रावर बोट दाबून धरलं, तीन मोजले, पातेलं ठेवलं, आकडा सातवर नेला. आलं किसलं. दूध उतू जायच्या बेतात आलं तेव्हा न बघताच आकडा तीनवर आणला. कपात ओतून दीड चमचा साखर घातली आणि कप लेकाच्या हातात दिला. सुधीरने उभ्या उभ्याच घोट घेतला. नाशिकच्या घरात पप्पांबरोबर घ्यायचा तोच चहा, तेवढंच आलं. कप संपेपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही.

विभावरीची गाडी सव्वापाचची होती. तिला स्टेशनवर सोडायला सगळेच निघाले. दाराशी कोटांची, मफलरांची गर्दी झाली. मुली धडधडत खाली पळाल्या, विभावरी आणि मैथिली त्यांच्यामागे.

यमुनाबाई बाकड्यावर बसल्या आणि बूट पुढे ओढले. सुधीर सवयीने वाकायला गेला आणि अर्ध्यातच थांबला. हात कुठे ठेवावे त्याला कळेना. त्याने ते कोटाच्या खिशात घातले.

"तुला येतात ना," तो म्हणाला.

"येतात की." त्यांनी पायात बूट सरकवले आणि उजवा पाय पुढे केला. "पण तू बांध."

सुधीरने हात खिशातून काढले. मग फरशीवर गुडघा टेकून त्याने नाडी हातात घेतली. यमुनाबाई उठायला लागल्या, आणि तोल जाऊ नये म्हणून त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"पप्पांना गाठ घट्ट लागायची," तो खाली बघत म्हणाला. "सैल बांधली की चिडायचे."

"फार चिडायचे," यमुनाबाई म्हणाल्या. त्यांनी हात काढला नाही. खालून निधी हाका मारत होती, गाडी चुकेल म्हणून. त्याने दुसरी नाडी सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला घेतली.